वरुडच्या बागेतला पहाटेचा बिघाड

जानेवारीत वरुड तालुक्यातील एका संत्राबागेतून फोन आला. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताणावर सोडलेल्या झाडांच्या मुळांशी किती ओल उरली आहे, हे मोजून तो आकडा वाय-फायने घरापर्यंत पोचवणारे यंत्र मी तेथे बसवले होते आणि त्याचा बोर्डही मीच आखला होता. बागमालक काकाजी म्हणाले, "भाऊ, तुमची मशीन रात्री मरते अन् ऊन पडलं का जित्ती होते."

निम्मे निदान त्या वाक्यातच होते. मला मात्र ते तेव्हा उमगले नाही. दुपारी पोचून लॅपटॉप जोडला, तर यंत्र बिनतक्रार चालले. काकाजींनी मुक्कामाचा आग्रह केला आणि पहाटे चारच्या सुमारास, थंडीने बोटे आखडलेली असताना, बंद पडलेले यंत्र मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. पुन्हा लॅपटॉप जोडला आणि ते लगेच सुरू झाले! तेव्हा कुठे लक्षात आले की, लॅपटॉपची तार नुसती माहिती आणत नव्हती, तर तिच्यातून बोर्डाला 5 व्होल्टही मिळत होते. टेबलावरच्या माझ्या साऱ्या चाचण्या याच तारेवर झाल्या होत्या.

मग लॅपटॉप बोर्डाला जोडणाऱ्या अडॅप्टरची 5 व्होल्टची तार काढून केवळ माहितीच्या तारा आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक तार) जोडले. पडद्यावर 'ब्राउनआउट'चा, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याचा, संदेश पुन्हापुन्हा उमटू लागला. यंत्राला वीज देणारा लिथियम सेल त्या वेळी 3.6 व्होल्टवर उतरला होता. सेलचे व्होल्टेज उतरवून चिपला ठरावीक व्होल्टेज देण्यासाठी मी वापरलेला 1117 जातीचा रेग्युलेटर स्वस्त आणि कोणत्याही दुकानात मिळणारा, पण 3.3 व्होल्ट नीट देण्यासाठी त्याला आवक किमान 1.1 व्होल्टने जास्त लागते. म्हणजे ईएसपी-32 ला, यंत्राच्या वाय-फाय चिपला, जेमतेम अडीच व्होल्ट मिळत होते. वाय-फाय प्रक्षेपण करताना ही चिप क्षणभर सुमारे 240 मिलीअँपिअर ओढते. त्या झटक्यात, थंडीने अंतर्गत रोध वाढलेल्या सेलचे व्होल्टेज आणखी खचून चिप स्वतःला रिसेट करत होती. मल्टीमीटरला इतका क्षणिक खड्डा दिसत नाही. त्यात भर म्हणजे चिप गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर भागवत असताना हा रेग्युलेटर एकटाच सुमारे 5 मिलीअँपिअर खात होता. घर उपाशी आणि राखणदार पोटभर जेवलेला, अशातला तो प्रकार होता.

पिशवीत दुसऱ्या कामासाठी आणलेला, आवक-जावक व्होल्टेजच्या फार थोड्या फरकावर चालणारा 500 मिलीअँपिअरचा रेग्युलेटर होता. बॅटरीवर चालणाऱ्या सोल्डरिंग गनने तो तारांनी जोडला आणि चिपच्या अगदी जवळ क्षणिक झटक्याला वीज पुरवणारा 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. काकाजी टॉर्च धरून उभे होते.

त्याच उजेडात माझी दुसरी चूक दिसली. चिप आणि अँटेना एकत्र असलेल्या मॉड्यूलच्या अँटेनाखाली मी ग्राउंडचे तांबे पसरलेले ठेवले होते. तिच्याभोवतीची जागा मोकळी हवी, हे उत्पादकाच्या कागदात स्पष्ट लिहिलेले असते आणि मी ते वाचलेही होते. दाट, दवाने ओल्या पानांतून 2.4 गिगाहर्ट्झची लहर आधीच क्षीण होते. त्यात हे तांबे तिची आणखी कोंडी करत होते. शेतात त्यावर इलाज नव्हता. मॉड्यूलचे टोक कडेबाहेर काढलेला नवा बोर्ड करण्याचे मी कबूल केले.

सूर्य उगवण्याआधीच काकाजींच्या मोबाइलवर ओलीचा आकडा आला. तो पाहून ते म्हणाले, "आणखी चार दिवस पाणी नाही सोडत मंग."