पेप लिहायचा तर आधी स्पॉन्सर शोधा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मोठा बदल आणायचा तर पेप लिहावा लागतो, म्हणजे रीतसर प्रस्ताव, आणि २०१८ पर्यंत त्यावर शेवटचा शब्द पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांचाच असायचा. मग पेप ५७२ आला, तो := वाला, म्हणजे एखाद्या अटीच्या मधेच व्हेरिएबलला किंमत देऊ देणारा, त्यावरून इतकी खडाजंगी झाली की मंजुरी दिल्यावर जुलै २०१८ मध्ये गिडो बाजूलाच झाले. एवढ्याशा चिन्हापायी! मला खरंच वाईट वाटलं होतं.

आता निर्णय घ्यायला पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल आहे, ती कोअर डेव्हलपर, म्हणजे पायथन सांभाळणारी मुख्य मंडळी, मतदानानं निवडतात आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात चालत नाहीत, हा नियम मला फार आवडतो. पेपमध्ये नाकारलेल्या पर्यायांचाही भाग असतो, तो आवर्जून वाचा, ५७२ मध्येच बघा, := ऐवजी as का नको? तर पायथनच्या with आणि except या रचनांमध्ये as आधीच वेगळ्या अर्थानं बसलंय, गोंधळ झाला असता.

पण पेप लिहायला बाहेरच्या माणसाला स्पॉन्सर लागतो, म्हणजे प्रस्तावाला पाठबळ देणारा आतला माणूस, बहुतेक वेळा कोअर डेव्हलपरच, आणि नवख्या पोरांची कुणाशी ओळखच नसते हो, त्यांनी दार ठोठवायचं कुणाचं? स्पॉन्सर व्हायला तयार असलेल्यांची, विषयवार, एक यादी तरी समोर ठेवा.