इंजिनाचा पिवळा दिवा आणि पी ०१७१ चा शोध

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की सर्वांत आधी ठरवावे लागते ते गाडी पुढे न्यावी की नाही हे. माझ्या २०१५ सालच्या पेट्रोल गाडीत हा दिवा पुण्यात कात्रजहून स्वारगेटकडे येताना लागला, तेव्हा तो लुकलुकत नव्हता, स्थिर होता. तापमानाचा काटा जागेवर होता आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा बंद होता, म्हणून मी सावकाश घरी पोहोचलो. दिवा लुकलुकत असता तर मी गाडी तिथेच बाजूला घेतली असती. लुकलुकणारा दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नसून न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असल्याची खूण असते, आणि ते तिथे जळू लागले की कन्व्हर्टर आतून वितळून फार मोठा खर्च निघतो.

इतर लक्षणे फारशी नव्हती. ॲव्हरेज नेहमीसारखे होते, पिकअपही होता. सिग्नलला थांबल्यावर, विशेषतः एसी चालू असताना, स्टिअरिंगला हलकी थरथर मात्र जाणवत असे. घराजवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी ०१७१ हा कोड आला, म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. तिथल्या मेकॅनिकने लगेच निदान केले, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. नवा टाकू, दिवा जाईल. तोपर्यंत कोड पुसून देतो." कोड पुसू नका, अशी मी त्यांना विनंती केली. कोडबरोबर त्या क्षणाची इंजिनाची स्थितीही गाडीतील संगणकाने टिपून ठेवलेली असते आणि कोड पुसला की तीही जाते. दिवा विझवण्याची घाई केली की शोधाचा पहिला धागाच हातातून सुटतो, असे माझे ठाम मत आहे.

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या मोटारींमध्ये ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची, व्यवस्था असल्यामुळे माझ्या गाडीतही स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट आहे. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि मोबाइलमधील ॲप एवढ्यावर मी ती नोंद वाचली. गाडीचा वेग शून्य, इंजिनाचे फेरे मिनिटाला सातशेच्या आसपास, पाण्याचे तापमान ८९ अंश, म्हणजे इंजिन पूर्ण गरम होते आणि गाडी सिग्नलला उभी होती. बिघाड उभ्या गाडीत नोंदला जातो आहे, ही माहिती मला कोडपेक्षाही मोलाची वाटली.

यानंतरचा सगळा शोध फ्युएल ट्रिम या एका आकड्याच्या आधाराने झाला, त्यामुळे तो थोडा समजून घ्यायला हवा. हवा किती आत आली हे माझ्या गाडीत एअर फिल्टरनंतर बसवलेला मास एअर फ्लो सेन्सर मोजतो आणि त्यानुसार पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे संगणक ठरवतो. पुढे सायलेन्सरच्या वाटेवरील ऑक्सिजन सेन्सर धुरात ऑक्सिजन उरला की नाही ते सांगतो, आणि ऑक्सिजन जास्त उरत असेल तर संगणक पेट्रोल वाढवत जातो. या वाढीची किंवा कपातीची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. निरोगी गाडीत ती साधारणपणे दहा टक्क्यांच्या आत असते. माझ्या गाडीत उभ्या अवस्थेत तात्पुरती आणि कायमची अशी दोन्ही ट्रिम मिळून वाढ सव्वीस टक्क्यांच्या घरात होती; न्यूट्रलमध्येच रेस देऊन फेरे २५०० वर धरले की ती नऊवर येत असे.

या फरकाने बहुतेक संशयित बाद झाले. पेट्रोल पंप अशक्त असता किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असता तर जास्त पेट्रोल लागते तेव्हा, म्हणजे रेस दिल्यावर आणि चढावर, तूट वाढली असती. ऑक्सिजन सेन्सरचा आलेखही मी पाहिला. त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झपाट्याने वरखाली होत होता, म्हणजे सेन्सर जिवंत होता आणि त्याचे म्हणणे खरे मानायला हरकत नव्हती. हल्लीच्या पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलची शंका मात्र मी गंभीरपणे तपासली, कारण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला साडेतेराच्या आसपास पुरतात, आणि त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के वर जाणे स्वाभाविक आहे. पण इंधनाचा परिणाम उभ्या गाडीत आणि रेस दिल्यावर जवळजवळ सारखाच दिसला पाहिजे. इथे तसे नव्हते. सेन्सरला चकवून कुठूनतरी चोरवाटेने हवा आत येत असेल तरच असे आकडे जुळतात: गाडी उभी असताना थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरील झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन मुळात हवा थोडीच घेते आणि मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळांमधील, ओढ जबर असते, म्हणून त्या वेळी बाहेरून घुसलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो, आणि रेस दिली की तो एकूण हवेत नगण्य होतो.

हे आकडे कागदावर लिहून मी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून पहिल्यांदा उंदरांच्या दातांच्या खुणा शोधल्या, कारण पावसाळ्यात अशा कुरतडलेल्या नळ्या त्यांच्याकडे सतत येतात; पण तशी खूण कुठे नव्हती. मग त्यांनी ॲपमधील ट्रिमचा आकडा माझ्याकडे पाहायला दिला आणि पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळून मॅनिफोल्डला जोडलेली एकेक रबरी नळी मुळाशी दाबायला सुरुवात केली. ब्रेक बूस्टरची नळी दाबली, आकडा हलला नाही. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वाफा परत मॅनिफोल्डकडे नेणारी पीसीव्हीची नळी, दाबताच तात्पुरती ट्रिम काही सेकंदांत खाली उतरली आणि स्टिअरिंगची थरथरही थांबली. "हाच तो," असे म्हणून त्यांनी क्लिपा सैल करून नळी काढली.

वरून पाहता तिच्यात काहीच दोष दिसत नव्हता. उलटी केल्यावर वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे तेलकट वाफांनी रबर फुगून भाकरीच्या पिठासारखे मऊ झाले होते, तिथे बोटाच्या पेराएवढी चीर होती. दोन्ही टोके धरून नळी किंचित वाकवली की ती चीर उघडत असे आणि सोडली की मिटत असे. जागेवर असताना ती मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला जात असल्याने आरशाशिवाय दिसणे शक्यच नव्हते. कोणी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून अशी गळती शोधतात, पण गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारणे मला धोक्याचे वाटते आणि मिस्त्रींनीही तो मार्ग टाळला.

नवी नळी काही शे रुपयांत मिळाली. ऑक्सिजन सेन्सरला काही हजार लागले असते आणि दिवा मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा लागला असता. नळी आणि दोन्ही क्लिपा बदलल्यावर मगच कोड पुसला. हा दोष बहुतेक गाड्यांत गाडीच्या सलग दोन प्रवासांमध्ये आढळल्याशिवाय दिवा लागत नाही, त्यामुळे दिवा विझला एवढ्यावर मी समाधान मानले नाही आणि पुढचे काही दिवस आकडे पाहत राहिलो. आता ट्रिम उभ्या गाडीत सहा आणि २५०० फेऱ्यांवरही सहाच्याच आसपास असते. दोन्हीकडे सारखी असलेली ही वाढ हल्लीच्या पेट्रोलाची आहे असे मी मानतो, आणि तिच्यासाठी गाडीत काही बदलण्याची गरज नाही असेच मिस्त्रींचेही मत पडले.