आमची वाटचाल: अंड्याचा भाव आणि खाद्याचा काटा

विट्याजवळ, खानापूर तालुक्यात आमची लेअर पोल्ट्री, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या. दोन हजार पक्ष्यांपासून पाच हजारांपर्यंत आलो, वाढीची हकिकत एवढीच. बाकी सगळी वाटचाल काट्यावरची, म्हणजे खाद्याच्या वजनकाट्यावरची.

अंड्यावरचा एक पक्षी दिवसाला साधारण ११२ ग्रॅम खातो. पाच हजारांचं झालं ५६० किलो. उत्पादन नव्वद टक्के धरलं तर ४,५०० अंडी, म्हणजे तीस अंड्यांचे १५० ट्रे. अंड्यामागे सव्वाशे ग्रॅम खाद्य पडतं. खाद्य किलोला रुपयानं चढलं की अंडं साडेबारा पैशांनी महाग पडतं, आणि दिवसाला ५६० रुपये जातात. अंड्याचा भाव पडला म्हणून पक्षी उपाशी ठेवता येत नाही.

खाद्यात निम्म्याच्या आसपास मका, पाव हिस्सा सोयापेंड, आठ-दहा टक्के ग्रीट (कॅल्शियमसाठी शिंपल्या-चुनखडीचे खडे), उरलेलं राइस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा), डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण). २०२१ च्या पावसाळ्यात सोयापेंड किलोला शंभरीच्या आसपास गेली, तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. ऊसपट्ट्यातल्या माणसांनी उसाच्या निर्णयामुळे मका महाग घ्यायचा, ही आणखी गंमत.

मका महागला की ओलसर माल स्वस्तात घ्यायचा मोह होतो. तिथंच घात होतो. ओल १४ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं, पक्ष्याचं लिव्हर बिघडतं आणि उत्पादन उतरतं. ओल मोजायचं मीटर लावतोच, पण त्याआधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली की गाडी परत.

एप्रिल-मेमध्ये पक्षी धापा टाकतात, खाणं कमी होतं, कवच पातळ पडतं. म्हणून मुख्य खाद्य पहाटे आणि जाड ग्रीट संध्याकाळी. कवच प्रामुख्यानं रात्री बनतं, तेव्हा कॅल्शियम पोटात असायला हवं. उजेड दिवसाचा धरून सोळा तास. वीज जाऊन हे गणित दोन-चार दिवस चुकलं तरी ट्रे मोजताना कळतं.

भाव मात्र आपल्या हातात नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेली एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) शंभर अंड्यांचा दर रोज सुचवते, व्यापारी त्यातून वजावट करून पैसे देतो. श्रावणात दर बसतो, थंडीत उठतो. थंडीत 'अंडी महागली' अशी बातमी येते. त्या वाढीतून आधी श्रावणातला खड्डा भरायचा असतो, हे बातमीत नसतं.

भावाच्या या चढउतारातून सुटावं म्हणून एका सुपरमार्केट साखळीला सहा अंड्यांचे बॉक्स द्यायला लागलो. दर महिनाभर बांधलेला, खाद्य मात्र रोज हलतं. बॉक्स, लेबल, त्यांच्या डेपोपर्यंतची गाडी आमची. पैसे ४५ दिवसांनी. रोज ४० ट्रे, अंड्याला सहा रुपये धरले तर ३ लाख २४ हजार कायम त्यांच्याकडे अडकलेले. खाद्य २८ रुपये किलो धरलं तर ते अख्ख्या पोल्ट्रीचं वीस दिवसांचं खाद्य होतं. म्हणजे दुकान त्यांचं, भांडवल आमचं. ग्राहकाला सवलतीची स्कीम लावली की तीही आमच्या बिलातून वजा. आणि महिनाअखेर फुटीची डेबिट नोट, म्हणजे फुटलेल्या अंड्यांचे पैसे कापल्याची चिठ्ठी.

फूट कुठं झाली, हा खरा वाद. काही चूक आमचीही होती. पक्षी साठ आठवड्यांच्या पुढं गेला की अंडं मोठं होतं आणि कवच पातळ. असं अंडं बॉक्समध्ये उंच राहतं, झाकण दाबलं की डोक्यावर केसासारखा तडा जातो. तो उजेडात दिसत नाही. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकवायची: चांगल्याचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. शंका असेल तर अंधारात टॉर्चवर धरायचं. दुसरं कारण गार डेपोचं. तिथून अंडं उन्हात निघालं की त्याला घाम फुटतो, दोन दिवसांत बुरशीचे ठिपके येतात आणि माल 'खराब' म्हणून परत. ती डेबिट नोट आमच्या नावावर का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आता सुपरमार्केटला एकूण मालाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त देत नाही. म्हाताऱ्या लॉटचा (साठ आठवड्यांपुढच्या पक्ष्यांचा) माल बॉक्सला लावत नाही. तो ट्रेमधून पलूस-तासगावच्या बेकऱ्या, खानावळी आणि भुर्जीच्या गाड्यांना जातो. तिथं पैसे रोख किंवा आठवड्याला. बॉक्समध्ये निमुळतं टोक खाली, म्हणजे रुंद टोकाची हवेची पोकळी वर राहते. डेपोच्या दारात दर वीस बॉक्समागे एक उघडून दाखवायचा, फोटो काढायचा आणि तिथल्या माणसाची चलनावर सही घ्यायची. सही नाही तर गाडी खाली करायची नाही, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.