आईला पुन्हा देवळात नेलं: माझा अनुभव

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. त्या देवळाच्या तीन पायऱ्यांनी आमचे पाच महिने खाल्ले. खरं तर आई त्या पायऱ्या अजूनही चढलेली नाही, आम्ही दुसऱ्याच दारानं आत गेलो. पण ते दार सापडेपर्यंत मी कमिटीच्या मीटिंगांना चकरा मारत होते, आणि त्याचा राग अजून मनातून जात नाही.

आई ८३ वर्षांची. जानेवारीत बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, फिजिओ, रात्रीची बाई शोधणं, सगळं यथावकाश पार पडलं. मार्चमध्ये ती वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जायला लागली. बाकी सगळीकडे व्हीलचेअर. त्याच आठवड्यात म्हणाली, "आता मला देवळात ने."

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, मराठी, मध्य मुंबईतली. लग्न होऊन आली तेव्हापासून आई बायकांच्या बाजूला चौथ्या बाकावर बसते. २०२० च्या लॉकडाऊनपासून उपासना मोबाइलवर दिसते, म्हणून ऑपरेशननंतरचे रविवार तिनं घरीच काढले. माझा मुलगा मोबाइल टीव्हीला जोडून द्यायचा. ती धुतलेली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन समोर बसायची. नेमकं गाणं सुरू झालं की चित्र अडकायचं. एकदा म्हणाली, "मला मंडळी दिसते गं, पण मंडळीला मी कुठे दिसते?"

झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) तिला घेऊन निघाले. पहिली टॅक्सी सोडावी लागली, कारण डिकीत सीएनजीची टाकी होती आणि खुर्ची आत मावेना. (काळी-पिवळीला टपावर कॅरियर असेल तर खुर्ची वर बांधता येते. दोरी घरातून न्या.) देवळाच्या दारात पोचलो तर समोर तीन पायऱ्या. पाऊस-पाण्याच्या भीतीनं जुन्या लोकांनी जोतं उंच बांधलेलं. तरुण संघातली चार मुलं धावत आली, "आजी, घाबरू नका" म्हणाली आणि खुर्चीसकट तिला उचललं. मुलांच्या मनात प्रेमच होतं. पण दुसऱ्या पायरीवर खुर्ची कलली, आईची एक चप्पल खाली पडली, आणि दारात उभी असलेली सगळी माणसं गप्प झाली. उपासना संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पेटी उचलतात तसं उचललं मला. परत नको."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला: देवळाच्या दाराला रॅम्प करावा. इथून पुढे आम्ही अडकलो.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये अर्ज विषयपत्रिकेवरच नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, उशिरा मिळाला." मे महिन्यात निम्मी कमिटी गावी, कोरम झाला नाही. जूनमध्ये अर्ज वाचला गेला, आणि एका वडीलधाऱ्या सभासदांनी सांगितलं की इमारत हेरिटेज आहे, तिला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी लागेल. मुंबईत हेरिटेज इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे आणि यादीतल्या इमारतीच्या कामाला परवानगी लागते, हे खरंच. पण आमची इमारत त्या यादीत आहे का, हे कोणीच पाहिलेलं नव्हतं. मी यादी मिळवली आणि दोन रात्री बसून वाचली. आमचं देऊळ त्यात नव्हतं. एका ओळीचं उत्तर होतं, पण ते कमिटीपुढे ठेवायला पुढच्या मीटिंगची वाट पाहावी लागली, म्हणजे आणखी एक महिना.

जुलैमध्ये अंदाजपत्रक मागवलं. व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ चा उतार धरतात. म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, एकूण १८ इंच, म्हणजे १८ फूट रॅम्प. दारापासून फाटकापर्यंत जागा ११ फूट. मग रॅम्पला वळण हवं, वळणावर सपाट जागा हवी, दोन्ही बाजूंनी कठडा हवा. कंत्राटदाराचा आकडा ऐकून खजिनदारांनी छपराच्या गळतीची फाइल काढून शेजारी ठेवली. छप्पर खरंच गळतंय, ते मीही दर पावसाळ्यात बघते. पण त्यानंतर जे बोलणं झालं त्यानं मला जास्त लागलं. "या वयात त्यांना एवढी दगदग कशाला? ऑनलाइन आहे ना. आणि आम्ही येऊ की घरी भेटायला."

त्या वेळी मी एक चूक केली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मी वाचून गेले होते. त्यातल्या सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरली जाणारी खासगी इमारतसुद्धा येते. मी तो भाग मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणणं बरोबर होतं, पण वेळ चुकली. खजिनदार म्हणाले, "म्हणजे आता आपल्याच मंडळीवर केस करणार का तुम्ही?" त्यानंतर माझ्या अर्जाकडे कोणी अर्ज म्हणून पाहिलंच नाही. विषय वार्षिक सभेत ठेवायचं ठरलं, आणि वार्षिक सभा डिसेंबरात. तुम्हाला कोणाला हे करायचं असेल तर कायदा माहीत असू द्या, पण पहिल्यांदा माणसाबद्दल बोला. मी झावळ्यांच्या रविवारचं आणि त्या चपलेचं कमिटीला सांगितलंच नव्हतं. सेंटिमेंटल वाटेल म्हणून गाळलं. तेच सांगायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी वर्गणीची पावती आणायला गेले तर शिपाईमामा देवळाच्या बाजूनं प्लास्टिकच्या खुर्च्या आत नेत होते. मी ४० वर्षं त्या देवळात जातेय, पण तिथे दार आहे हे मला माहीत नव्हतं. आतून त्याच्यापुढे जुन्या रजिस्टरांचं कपाट असायचं. ते कपाट रंगकामासाठी हलवलेलं होतं. मामा म्हणाले, "बाजाची पेटी आम्ही इथनंच काढतो की, ताई." बाहेरचं अंगण त्या बाजूला चढतं, त्यामुळे पायरी एकच. मी पर्समधली टेप काढली. (व्हीलचेअर घरात आल्यापासून ती पर्समध्येच असते.) पायरी पाच इंच. दार ३१ इंच, आमची खुर्ची चाकांसकट २५.

मी तिथूनच पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कपाट परत तिथे ठेवू नका असं मामांना सांगा. फळी तुम्ही करून आणा, कमिटीला मी सांगतो." तीन मिनिटांचा फोन. पाच महिन्यांत मी त्यांना थेट एकदाही विचारलं नव्हतं, कारण रीतसर जायचं म्हणून सगळं सेक्रेटरींमार्फत.

पाच इंचाला पाच फूट. सुताराकडून तीन फूट रुंदीची जाड मरीन प्लायची फळी करून घेतली. खाली आडव्या पट्ट्या, दोन्ही कडांना दीड इंचाची उभी पट्टी म्हणजे चाक घसरणार नाही, वर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकली. ती कुठेही बांधलेली नाही. उपासना झाली की मामा उचलून भिंतीला टेकवतात. उतरताना खुर्ची उलटी घ्यायची, ढकलणारा माणूस खालच्या बाजूला. हे फिजिओवाल्यांनी दाखवलं होतं.

देवळात गेल्यावरच्या काही गोष्टी. आईला पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी असते. ती सकाळी घेतली तर दोन तास बसणं शक्यच नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही रविवारची गोळी घरी परतल्यावर देतो. स्वतःच्या मनानं वेळ बदलू नका. गाण्याला सगळे उभे राहिले की तीही उठायला बघते. एकदम उठल्यावर तिला चक्कर येते, म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवून बसूनच राहते. आम्ही दोघी बसलेल्या असलो की तिला एकटीला अवघडल्यासारखं होत नाही. गायनाच्या पुस्तकातली त्या दिवशीची गीतं मोठी झेरॉक्स करून नेते. कोणती गीतं आहेत ते शनिवारी विचारलं की सांगतात.

प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत भाकरी आणि द्राक्षरस देतात त्या विधीची, मला सगळ्यात धास्ती होती. तिला हल्ली कोरडं काही गिळताना ठसका लागतो. पाळकसाहेबांना आधी सांगितलं तर ते भाकरीचा अगदी लहान तुकडा द्राक्षरसात भिजवून देतात. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून द्यायचं, आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. मधल्या महिन्यांत ते दोनदा घरी येऊन देऊन गेले होते. आमच्याकडे ते पाळकांनीच द्यायचं असतं, आणि त्यांच्याकडे दोन मंडळ्या. शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या) काकूंकडे कॅथलिक चर्चमधून नेमलेले साधे सभासदही आजाऱ्यांना घरी प्रसाद आणून देतात. आमच्याकडेही मंडळीच्या वडिलांवर (जबाबदारी असलेल्या ज्येष्ठ सभासदांवर) थोडं काही सोपवायला हवं असं मला वाटतं. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात दुखणाइतानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं सांगितलंय, पण आमच्या वडिलांपैकी पाच महिन्यांत एकच जण घरी आले.

पहिल्या रविवारी बाजूच्या दारानं आत गेलो तेव्हा गाणं सुरू झालेलं होतं. महिला मंडळातल्या बायकांनी वळून पाहिलं आणि गाता गाताच हात हलवले. आई टाळ्या वाजवत होती. तिचा आवाज आता फार बारीक झालाय, पण ओठ हलताना दिसत होते. त्यानंतर आमचे एक निवृत्त मास्तर वॉकर घेऊन त्याच दारानं यायला लागले, आणि मग आणखी एक आजी. त्या तर दोन वर्षांनी आल्या.

एक राहिलंय. आईची खुर्ची बाकांमधल्या वाटेत येते, त्यामुळे अर्पणाची थैली घेऊन येणाऱ्यांना वळसा घालावा लागतो आणि ती दर वेळी "माझी अडचण होते" म्हणते. चौथा बाक वाटेच्या टोकाकडून अडीच फूट कापला तर ती रांगेत बसेल, तिच्या मैत्रिणींच्या शेजारी. बाकाचं माप, सुताराचा खर्च आणि झावळ्यांच्या रविवारची हकिगत, सगळं एका कागदावर लिहून या वेळी पाळकसाहेबांच्या हातात दिलंय. मीटिंग येत्या शनिवारी आहे. मी जाणार आहे, आणि आई म्हणते तिलाही यायचंय.