बायोडिझेल बनवणं सोपंय हो, तेल कुठून आणायचं ते सांगा

गावाकडे बायोडिझेलचा, म्हणजे तेलापासून बनवलेल्या डिझेलसारख्या इंधनाचा, विषय काढला की जुन्या शेतकऱ्यांना एकच आठवतं, ज्याच्या बियांतून तेल निघतं तो मोगली एरंड. कोणी चंद्रज्योत म्हणतं. २००३ ला नियोजन आयोगाच्या समितीचा त्याच्या लागवडीवर भर देणारा रिपोर्ट आला आणि मग काय, पडीक जमिनीत येतं, पाणी नको, गुरं तोंड लावत नाहीत, नुसत्या बिया विका. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं टार्गेट होतं! पण झाड जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं ना राव. मुरमाड रानात पाण्याशिवाय ते नुसतं उभं राहतं, फळं हवी तर त्यालाही खतपाणी लागतंच, बरं फळंही एकदम पिकत नाहीत म्हणजे तोडायला मजूर पुन्हा पुन्हा लावा, आणि पेंड विषारी, गुरांना घालता येत नाही. लोकांनी उपटून टाकलं तर त्यांचं काय चुकलं.

मला स्वतःला करंज जास्त पटतो. आपलंच झाड, मुळांवर नत्राच्या गाठी, पेंड खत म्हणून चालते. फक्त नीट शेंगा लागायला पाच-सात वर्षं थांबायचं आणि नंतर शेंगा वेचून फोडत बसायचं, एवढी दमछाक कोण करणार हा प्रश्न आहेच.

बाकी केमिस्ट्री अवघड नाही. तेल, मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा, ६० अंशाच्या आसपास ढवळत ठेवायचं (मिथेनॉल ६५ ला उकळतं म्हणून त्याच्या खालीच), मग स्थिर ठेवलं की खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल खर्ची पडतं आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन निघतं. व्हिडिओ बघून घरी मात्र करू नका, मिथेनॉल विषारी आहे आणि पेटलं तर उजेडात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही.

खरी गोची तेलात. बिया ओलसर राहिल्या किंवा तेल पुन्हा पुन्हा तळलेलं असलं की त्यात फ्री फॅटी ॲसिड (तेलातून सुटं झालेलं आम्ल) वाढतं, आणि तसल्या तेलात डायरेक्ट कॉस्टिक टाकलं की होतो साबण! थर सुटेच ना. म्हणून आधी सल्फ्युरिक ॲसिड टाकून मिथेनॉलबरोबर एक वेगळी स्टेप करावी लागते, म्हणजे अजून खर्च.

तरीपण माझं मत विचाराल तर आपली खाण आहे वडे-भजीच्या कढईत. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ मध्ये लागू झाला, तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, आणि त्याच वर्षी असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची रुको नावाची योजना आणली. मोठी हॉटेलं, फरसाणवाले यांचं जमतं, एका जागी डबेच्या डबे मिळतात. भजीच्या गाडीवाल्याचं काय? तो तेच तेल वर नवीन ओतून चालवतो, नाहीतर जो चार पैसे जास्त देईल त्याला देतो, मग ते पुन्हा कोणाच्या कढईत गेलं याची चौकशी कोण करतंय. म्हणजे बायोडिझेलवाल्याची स्पर्धा डिझेलशी नाहीच, त्या दुसऱ्या गिऱ्हाईकाशी आहे. त्याच्यापेक्षा जास्त भाव दिला तरच तेल येणार, आणि तेवढा भाव देऊन वर टेम्पो फिरवायचं डिझेल धरलं तर परवडायला पाहिजे ना.

घरच्या अर्ध्या लिटरसाठी तर कोणी येणारच नाही, पण दिवाळीत अख्ख्या सोसायटीचं मिळून चांगला एक कॅन भरेल. तुमच्याकडे कोणी असं नेत असेल तर लिटरला काय देतात ते कळवा.