साठीनंतर वजन उचलायला शिकताना

साठी उलटली की बाईच्या हातातली प्रत्येक जड वस्तू कोणी ना कोणी काढून घेतं. प्रेमानेच घेतात, ते मला मान्य आहे. पण हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २ च्या खाली निघाला आणि घरात "जपून गं आई" हे दिवसभर ऐकू येऊ लागलं. (उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, ऑस्टिओपेनिया. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.) मुलगा म्हणाला, पिशवीसुद्धा उचलू नकोस. सून म्हणाली, जमिनीवर बसू नका.

मी डॉक्टरांना विचारलं, "काय करू नको ते सगळेच सांगतात. करू काय?"

त्यांनी नीट वेळ देऊन समजावलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. स्नायू तर तिशीनंतरच हळूहळू झिजायला लागतात, साठीनंतर तो वेग वाढतो. स्नायू जोर लावून हाडाला ओढतो तेव्हा हाडावर ताण येतो आणि त्या ताणामुळेच नवं हाड बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात. चालणं हृदयासाठी उत्तम, पण मणक्यांना तेवढा ताण त्यातून मिळत नाही. रक्तदाब, गुडघे, पूर्वीची दुखणी असं सगळं तपासून त्यांनी जिममध्ये वजन उचलायची परवानगी दिली. एक अट घातली: पाठ गोल करून, वाकून वजन उचलायचं नाही.

जिममधल्या पहिल्या ट्रेनरने मला एक-एक किलोचे डंबेल्स दिले. "काकू, तुम्हाला एवढं पुरे." गप्पा मारता मारता कितीही वेळा उचलता यायचे. मी जास्त मागितले की तो हसून म्हणायचा, "या वयात कशाला?" वाईट याचं वाटलं की मला किती झेपतं, हे त्याने एकदाही पाहिलं नाही. वय विचारलं आणि वजन ठरवलं. तिथे येणाऱ्या माझ्या वयाच्या जवळपास सगळ्याजणींच्या हातात तेच डंबेल्स होते. त्यांना ताकद कधी येणार?

मी ट्रेनर बदलला. नव्या ताईंनी आधी मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. मग पाठीला एक काठी उभी धरायला दिली. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे आणि तशीच ती ठेवून खुब्यांतून पुढे झुकायचं, ढुंगण मागे ढकलायचं. वाचायला सोपं वाटतं. माझी काठी खाली येताना दरवेळी माकडहाडापासून सुटायची, म्हणजे पाठ गोल होत होती. आयुष्यभर तशीच वाकत आले होते. काठी सुटायची थांबेपर्यंत ताईंनी बारला, म्हणजे वजनं लावायच्या लोखंडी दांड्याला, हात लावू दिला नाही आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नंतर डेडलिफ्टसाठी, म्हणजे खाली ठेवलेलं वजन उचलून सरळ उभं राहण्यासाठी, ठोकळ्यांवर ठेवलेला बार आला. पोटात श्वास भरायचा, काखा घट्ट दाबायच्या, टाचांनी जमीन खाली रेटायची. बार नडग्यांना जवळजवळ घासत वर आला पाहिजे. इंचभर जरी पुढे गेला तरी सगळा भार कमरेवर येतो. बारची खडबडीत पकड तळव्यात रुतते. ताईंचा नियम एकच होता, "शेवटच्या दोन वेळा उचलताना जड वाटलंच पाहिजे, काकू. पण शरीराची ठेवण बिघडली की थांबायचं."

घरच्यांना धीर यावा म्हणून मी त्यांना वाचून दाखवलं ते दोन अभ्यासांबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या 'लिफ्टमोर' चाचणीत हाडं विरळ झालेल्या, सरासरी ६५ वर्षांच्या बायकांनी ८ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलली: डेडलिफ्ट, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठाबशा), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर उचलणं). त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या माणसांच्या पायांची ताकद ८ आठवड्यांत सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. मुलगा त्यानंतर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी पण येऊ का?"

जिममध्ये मला खटकायचं ते कौतुकही. मी बार उचलला की आसपासची मुलं टाळ्या वाजवायची, "आजी, भारी!" त्यांचा हेतू चांगला होता, पण शेजारची पंचविशीतली मुलगी तेवढंच वजन उचलायची तेव्हा कोणी वाजवत नव्हतं. मला टाळ्या नकोत, पाठ सरळ राहिली का ते सांगा, असं मी एकदा स्पष्ट बोलले. आता ते खरंच सांगतात आणि मी चुकले की टोकतातही.

दंड पुरुषासारखे होतील, ही भीती मात्र मैत्रिणींनी सोडून द्यावी. तेवढं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आपल्या अंगात नसतं. अर्नेस्टीन शेफर्ड या अमेरिकन बाई ५६व्या वर्षी व्यायामाकडे वळल्या आणि २०१०मध्ये जगातल्या सर्वांत वयस्क महिला बॉडीबिल्डर म्हणून गिनीज बुकात गेल्या. तसं शरीर घडवायला काय मेहनत लागते ते त्यांनाच विचारावं, चुकून कोणी तसं होत नाही.

पुढच्या स्कॅनमध्ये मणक्यांचा आकडा किंचित सुधारला, खुब्याचा जिथल्या तिथे राहिला. डॉक्टर म्हणाल्या, या वयात न घटणं हीसुद्धा कमाईच आहे. डेडलिफ्टचा बार आता ठोकळ्यांवर नसतो, जमिनीवरून उचलते. ओव्हरहेड प्रेस अजून अडलाय, उजवा खांदा पूर्ण वर जात नाही, म्हणून ताईंनी त्याचं वजन उतरवून आधी खांद्याची हालचाल मोकळी करायला घेतली आहे.