लाखेच्या तबकड्या आणि वैशाखातले ऊन

मार्च संपत आला की मी माझ्या जुन्या ग्रामोफोनच्या आणि रेकॉर्ड प्लेअरच्या सगळ्या पेट्या स्लॅबच्या खोलीतून काढून जुन्या घराच्या माजघरात नेतो. तिथे मातीच्या जाड भिंती आहेत, वर कवेलू आहेत आणि भर दुपारीही जमिनीवर अनवाणी पाऊल ठेवले तर गारवा लागतो. भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सुटकेससारख्या मिटणाऱ्या, हातात धरून नेता येणाऱ्या जुन्या फोनोंना, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनांना, आणि रेकॉर्ड प्लेअरना आपल्या भागात गंजापेक्षाही या उष्णतेने अधिक छळले आहे, असे माझे बारा वर्षांच्या दुरुस्तीनंतरचे मत आहे. या छंदाविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात दमट तळघरांची चिंता पुष्कळ असते, पत्र्याच्या छपराची मात्र कुठेच नसते.

हे मी एक यंत्र गमावून शिकलो. बॅटरीवर चालणारा एक रेकॉर्ड प्लेअर मला भंगारवाल्याकडे मिळाला होता. मी त्याचे सेलचे खोके स्वच्छ केले, तुटलेल्या तारा डाखल्या, आणि तो गोड वाजू लागला. त्या उन्हाळ्यात घरी लग्न होते, म्हणून तो पत्र्याच्या खोलीत ठेवला गेला आणि महिनाभर तिथेच राहिला. मृगाच्या सुमारास उघडून पाहिला, तेव्हा तबकडी नेमक्या गतीने फिरत होती, पण आवाज जवळजवळ नव्हताच. दोष त्याच्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या भागात होता. या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा पातळ स्फटिक असतो. खाचेतील कंप सुईमार्फत त्या स्फटिकापर्यंत पोहोचतात, तो किंचित पिळला जातो आणि त्यातून जो अल्प विद्युतदाब निर्माण होतो, तोच पुढे वाढवून स्पीकरला दिला जातो. हा क्षार सुमारे ५५ अंश सेल्सिअसला आपले रूप टिकवू शकत नाही, आणि तापलेल्या पत्र्याखाली मिटून ठेवलेल्या पेटीला त्या तापमानापर्यंत पोहोचणे अवघड नसते. जो स्फटिक उन्हाळ्यातून वाचतो, त्याला पावसाळ्यातला ओलावा लागतो, कारण हा क्षार पाण्यात सहज विरघळतो. अशा यंत्राला मी आता सिरॅमिक कार्ट्रिज बसवतो. ते उष्णता आणि ओलावा दोन्ही सोसते. त्याचा आवाज थोडा कमी येतो आणि सुई धरणाऱ्या दांडीचे वजन नव्याने जुळवावे लागते, तरी मूळ कार्ट्रिज मी फेकत नाही. ते चिठ्ठी लावून पुडीत बांधून त्याच पेटीत ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला काय बदलले ते कळेल.

१९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर प्लेअरमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाजाचा विद्युतप्रवाह वाढवणारे छोटे भाग, असतात. तापमान वाढले की त्यांच्यातून झिरपणारा प्रवाह वाढतो, त्या प्रवाहाने ते आणखी तापतात, आणि आवाज फाटू लागतो. पुष्कळ जण त्यांच्या जागी सरळ सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर लावून टाकतात. जर्मेनियमला सुरू होण्यास सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, तर सिलिकॉनला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे भोवतालची मांडणी न बदलता केलेली ही अदलाबदल कामाची नाही. मी सुकलेले कंडेन्सर बदलतो, मूळ ट्रान्झिस्टर तसेच ठेवतो आणि वैशाखात ही यंत्रे पहाटे किंवा रात्रीच लावतो. ठेवताना गतीची मूठ नेहमी मधल्या, म्हणजे मोकळ्या जागी आणावी. तसे केले नाही, तर तबकडी फिरवणारे रबरी चाक मोटरच्या दांड्यावर दाबून राहते, उन्हात तिथेच त्याला खड्डा पडतो, आणि मग प्रत्येक गाण्याखाली धप् धप् असा ठोका ऐकू येत राहतो.

चावीचे फोनो मला या सर्वांहून अधिक प्रिय आहेत. वीज गावात पोहोचण्याच्या आधी गाणे पोहोचले ते त्यांच्यामुळे. १९३१ मध्ये बाजारात आलेल्या एचएमव्ही १०२ या नमुन्याचे एक यंत्र आमच्या मोठीमायकडे होते. मोठ्या बाबांनी ते कोणाकडून तरी जुनेच विकत घेतले होते. मोठे बाबा गेल्यापासून पेटी धानाच्या कणगीमागे पडून होती. मी ती बाहेर काढली तेव्हा मोठीमायने एवढेच विचारले, "वाजते का गा अजून?"

ते काम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चालले. स्प्रिंगच्या डब्यातले ग्रीस लाकडासारखे कडक झाले होते. त्यामुळे स्प्रिंग उलगडताना अडायची आणि सुटली की दणका द्यायची. तो डबा उघडण्यापूर्वी चावीचा ताण पूर्ण उतरवावा लागतो आणि जाड हातमोजे घालावेच लागतात, कारण सुटलेली पोलादी पट्टी बोटे कापू शकते. रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, ग्राफाइट घातलेले नवे ग्रीस भरले. साउंडबॉक्समधल्या, म्हणजे सुईचे कंप आवाजात बदलणाऱ्या डबीतल्या, पडद्याभोवतीचे रबर दगड झाले होते. त्या जागी मऊ नळी बसवल्यावर खरखरीमागचा गळा मोकळा झाला. गती जुळवण्यासाठी मी ७७ काळ्या रेषांचे कागदी चक्र वापरतो. ५० हर्ट्झच्या विजेवरच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली त्या रेषा स्थिर दिसल्या, की तबकडी मिनिटाला जवळजवळ ७८ फेरे घेते आहे असे समजावे. पेटीचे काळे कापड मात्र मी फक्त ओल्या फडक्याने पुसले. कोपऱ्यातला खरचटा आणि मुठीवरची झीज तशीच ठेवली. नवे कापड चढवून चकचकीत केलेल्या पेट्या मला परक्या वाटतात.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख म्हटले की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला पळस आणि कुसुमाची झाडे आठवतात. त्यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसून ती खरवडून काढण्याचे काम भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्याला नवे नाही. तबकडीत लाखेने बांधलेली दगडाची बारीक पूड, काजळी आणि धागे असतात. ती पूड पोलादी सुईचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करते, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावणे हा कंजूषपणा करण्याचा विषय नव्हे. जड साउंडबॉक्सखाली प्लास्टिकची एलपी तर कधीच ठेवू नये. एका फेरीत तिची खाच सोलून निघते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे सुतारालाही ठाऊक असते, कारण फर्निचरचे पॉलिश तसेच बनते, तरीही लोक जुनी तबकडी स्पिरिटने पुसतात आणि तिचे गाणेच पुसून टाकतात. साधे पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरे होतो. उन्हात मात्र एक मिनिटही वाळवू नये. तबकड्या उभ्या आणि एकमेकींना टेकून सरळ ठेवाव्यात, तिरप्या ठेवलेल्या आमच्या उन्हाळ्यात परातीसारख्या वाकतात.

मोठीमायकडच्या सात तबकड्यांपैकी पाच चांगल्या निघाल्या. तिच्या आवडीच्या तबकडीची कड बोटभर तुटलेली आहे, त्यामुळे सुई आत, तुटलेल्या भागाच्या पलीकडे ठेवावी लागते आणि गाण्याची पहिली ओळ हुकते. चैत्रात रात्री हवा उतरली, की सांदवाडीत, म्हणजे परसात, खाट टाकून आम्ही पेटी उघडतो. मी चावी भरतो, मोठीमाय ती पहिली ओळ स्वतः म्हणते, आणि तिची ओळ संपली की मी सुई खाली ठेवतो.